कुरवंड्याची आत्या आणि आठ हजार फूट

विमानप्रवासाची अधिकृत गोष्ट सगळ्यांना पाठ आहे: पट्टा बांधला, सँडविच खाल्लं, डुलकी काढली, पोचलो. मी मूळचा लोणावळ्याजवळच्या कुरवंड्याचा, पण बावीस वर्षं मुंबई विमानतळावर चेक-इन काउंटरच्या आतल्या बाजूला काढली. तिथून हीच गोष्ट जरा निराळी दिसते.

पहिला किस्सा घरचाच. धाकटी आत्या लेकीच्या बाळंतपणाला दुबईला निघाली. तिची बॅग नेमकी माझ्याच काउंटरवर आली आणि आतून निघाल्या खोबऱ्याच्या चार वाट्या. सुकं खोबरं तेलकट. विमानाच्या नियमांत ते पेट घेणाऱ्या मालात मोडतं. (हे एखाद्या कोकणी माणसाला समजावून दाखवा!) भाचा असूनही मी वाट्या काढून ठेवल्या. आत्या गप्प. बॅग पट्ट्यावरून आत गेल्यावर हळूच म्हणाली, “लाडवात किसून घातलंय त्ये चालतंय न्हवं?” दोन किलो डिंकाचे लाडू तोवर निघून गेले होते.

तिला बजावलं होतं, की उतरताना कानाला दडे बसतील, काहीतरी चघळत राहा. “आरं, खोपोलीला उतरताना बसत्यात की!” बरोबरच होतं. लोणावळा 622 मीटरवर. घाट उतरताना कानातल्या आणि बाहेरच्या हवेचं जे भांडण होतं, तेच विमानात होतं, फक्त मोठं. विमान कितीही उंच जावो, आतली हवा साधारण सहा ते आठ हजार फुटांवरची असते. म्हणजे माणूस कळसूबाईच्याही वर बसून उपमा खात असतो. आत्या लवंग चघळत खुशाल उतरली. शेजारचा, दर महिन्याला उडणारा साहेब मात्र सर्दी घेऊन आला होता. सर्दीत कानाची नळी सुजते, दडा सुटता सुटत नाही. आत्यानं त्यालाही लवंग दिली. दुबईत तिची ट्रॉली त्यानंच ढकलली.

जादा सामानावरून रोज महाभारत व्हायचं. मला तेव्हा आमचा घाट आठवायचा. 1661 च्या फेब्रुवारीत मोगल सरदार कारतलबखान कुरवंड्याच्याच घाटानं उंबरखिंडीत उतरला, मराठ्यांकडून कोंडला गेला आणि सामानसुमान टाकून जीव घेऊन परतला. इतका सरळ निकाल आमच्या काउंटरवर कधी लागला नाही. एका गृहस्थानं वजन कमी करायला ऐन मे महिन्यात अंगावर दोन स्वेटर आणि कोट चढवला. घामानं निथळत गेला. आम्ही मागे पोट धरून हसलो. त्या विमानात एसी इतका कडक होता, की पांघरुणं अर्ध्यांना पुरली नाहीत. घोरत होता तो एकटाच.

विमान हलायला लागलं, की प्रवासी हवाईसुंदरीचा चेहरा वाचतात. एकीला मी विचारलं, इतकी शांत कशी राहतेस? म्हणाली, “पंखांजवळ कमी हलतं, शेपटीकडे जास्त. माझी बसायची जागा शेपटीकडे. सवय झाली.” आणि चेहरा? “तेव्हा मी ट्रॉलीचा ब्रेक लागलाय का, एवढंच आठवत असते.” लोक त्याला धीर म्हणतात.

तीन महिन्यांनी आत्या परतली. मंदिराच्या पारावर साऱ्या गावाला सांगत होती, “वरनं आपल्या नागफणीचा सुळका दिसला. बोटाएवढा! आन् आपन हितं जमिनीसाठी भांडतो.” बायका माना डोलावत होत्या. मीही डोलावली. पाय आखडू नयेत, उठता यावं, म्हणून तिची जागा मीच निवडली होती: मधल्या चार खुर्च्यांच्या रांगेत, वाटेच्या कडेची. आणि विमान उतरलं होतं रात्री अडीचला.