गॅस्ट्रिक बँडनंतर वजन स्थिरावते तेव्हा

लठ्ठपणावरील गॅस्ट्रिक बँड शस्त्रक्रियेनंतर सुरुवातीला झपाट्याने उतरणारे वजन काही आठवड्यांतच थबकते आणि शस्त्रक्रिया वाया गेल्याची भीती रुग्णाला ग्रासते. प्रत्यक्षात तोपर्यंत बँडचे खरे काम सुरूही झालेले नसते.

जठराच्या वरच्या भागाभोवती बसवलेले हे सिलिकॉनचे कडे आरंभी बहुधा रिकामे किंवा सैल ठेवले जाते. पहिली घट होते ती मुख्यतः द्रव आहारामुळे. त्यात शरीरातील पाण्याचाही मोठा वाटा असतो. घन आहार सुरू होताच भूक परतते आणि काटा अडतो. साधारण ४ ते ६ आठवड्यांनी त्वचेखालील पोर्टमधून सलाईन भरून कडे प्रथमच आवळले जाते. नेमका घट्टपणा साधण्यास अशा अनेक भेटी लागतात. पुढे आठवड्याला अर्धा ते एक किलो घट समाधानकारक मानली जाते.

मधल्या काळात उपाशी राहणे हा उपाय नव्हे. डाळ, अंडी, पनीर, मासे आधी खावेत, घास लहान घेऊन सावकाश चावावेत, जेवताना पाणी टाळावे. मिल्कशेक, आइस्क्रीम, गोड लस्सी हे खरे चोरवाटेचे पाहुणे. बँड कितीही आवळला तरी ते अलगद खाली उतरतात.

कडे लवकर घट्ट करण्याचा आग्रहही धोक्याचा ठरतो. वारंवार उलट्या, रात्रीची जळजळ किंवा पाणीही गिळता न येणे ही बँड अतिघट्ट झाल्याची अथवा सरकल्याची लक्षणे असू शकतात. अशा वेळी पुढील भेटीची वाट न पाहता तातडीने शल्यचिकित्सकांना गाठावे.