छऱ्याच्या बंदुकीवरची दुर्बीण

१ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या प्रकारात ब्राँझपदक मिळवलं. त्याआधी २०१० साली कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने म्युनिचला जागतिक अजिंक्यपद जिंकलं होतं. अशी बातमी आली, की मुलं घरी छऱ्याच्या बंदुकीचा हट्ट धरतात. बंदूक आली की महिन्याभरात दुसरी मागणी येते. तिच्यावर दुर्बीण हवी! म्हणून आज ही दुर्बीण कशी बसवतात, ती काय करते आणि काय करत नाही, हे समजून घेऊ.

दुर्बीण हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला. दूर म्हणजे लांब आणि बीन म्हणजे पाहणारा. शब्दातच तिचं काम सांगितलं आहे. ती लांबचं पाहते. छरा लांब नेऊन पोचवणं हे तिचं काम नव्हे. एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ पैसे वाचतील.

आधी बंदुकीकडे पाहू. स्वस्तातली बंदूक बहुधा नळी मोडून भरायची असते. नळी खाली वाकवली, की आतली जाड स्प्रिंग दबते. मग एक छरा भरायचा, नळी सरळ करायची आणि चाप ओढायचा. स्प्रिंग सुटते, तिच्यापुढचा दट्ट्या वेगाने पुढे धावतो, हवा दाबली जाते आणि ती हवा छऱ्याला ढकलते. एका वेळी एकच छरा. नळी ४.५ मिलिमीटरची आणि जोर २० ज्यूलपेक्षा जास्त नसेल, तर २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवाना लागत नाही. पण म्हणून ते खेळणं ठरत नाही. अर्ध्या ग्रॅमचा छरा सेकंदाला २०० मीटर वेगाने निघाला, तर त्याचा जोर १० ज्यूल भरतो. डोळा जायला त्याहून कितीतरी कमी जोर पुरतो.

या बंदुकीची एक खोड आहे. दट्ट्या पुढे धावतो तेव्हा बंदूक मागे सरकते, आणि दट्ट्या नळकांड्याच्या टोकाला जाऊन थांबतो तेव्हा बंदूक पुढे हिसका खाते. म्हणजे एका बारात दोन धक्के, तेही उलटसुलट. काडतुसाच्या बंदुकीचा धक्का मोठा असला, तरी तो फक्त मागे येतो. त्या बंदुकीसाठी केलेली साधी दुर्बीण छऱ्याच्या बंदुकीवर लावली, तर पुढच्या हिसक्याने तिची भिंगं सैल होतात, आतली फुली वाकडी होते किंवा तुटते. लहान बंदुकीला नाजूक दुर्बीण चालेल, हा समज इथे फसतो. घेताना ‘एअर रायफलसाठी’ असं स्पष्ट लिहिलेली दुर्बीण घ्यावी.

दुसरी गोष्ट अंतराची. मोठ्या रायफलच्या दुर्बिणी साधारण १०० यार्डांवर, म्हणजे ९१ मीटरवर जुळवलेल्या असतात. आपण अंगणात १० मीटरवरून नेम धरणार. तिथे चित्र पुसट दिसतं. शिवाय डोकं जरा हललं, की फुली निशाणावरून सरकल्यासारखी वाटते. म्हणून जवळच्या अंतरावर जुळवता येणारी, पुढच्या भिंगाजवळ फिरतं कडं असलेली दुर्बीण बरी. कितीपट मोठं दिसतं, या आकड्याला भुलू नये. चारपट पुष्कळ झालं.

आता बसवण्याकडे वळू. बंदुकीच्या पाठीवर दोन उभ्या खाचा असतात. त्यांच्यात सुमारे ११ मिलिमीटर अंतर असतं. त्या खाचांत पकड बसते आणि पकडीच्या कड्यांत दुर्बीण. दोन सुट्या पकडींपेक्षा एकसंध पकड चांगली, आणि तिला खाली अडणी, म्हणजे बंदुकीच्या भोकात बसणारी खुंटी असावी. नाहीतर त्या पुढच्या हिसक्याने पकड हळूहळू मागे सरकते आणि रोज नेम बिघडतो. खाचेतलं तेल कोरड्या फडक्याने पुसून घ्यावं. स्क्रू आवळताना एक पूर्ण, मग दुसरा पूर्ण, असं करू नये. समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे, आळीपाळीने आवळावेत. फार जोर लावला तर दुर्बिणीची नळी दबते.

शेवटचा आवळ देण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. बंदूक खांद्याला लावून गाल दस्त्यावर नेहमीसारखा टेकवावा. डोळा आणि भिंग यांत आठ-दहा सेंटिमीटर अंतर राहून पूर्ण गोल स्वच्छ दिसला पाहिजे. मान ताणून पाहावं लागत असेल, तर दुर्बीण मागेपुढे सरकवावी, मानेला शिक्षा देऊ नये. दुसरं, फुली सरळ हवी. त्यासाठी गवंड्याची युक्ती वापरावी. समोर एक ओळंबा टांगावा, बंदूक आडवीतिडवी न कलता धरावी आणि फुलीची उभी रेघ ओळंब्याच्या दोरीशी जुळवावी.

मग खरी कसोटी. १० मीटरवर कागद लावून एकाच जागी नेम धरून पाच छरे मारावेत. एकाच छऱ्यावरून निर्णय घेऊ नये. पाच खुणांचा मध्य काढावा. समजा, तो मध्य नेमाच्या २९ मिलिमीटर खाली आला. दुर्बिणीच्या वरच्या बटणाचा एक खटका बहुधा १०० यार्डांवर पाव इंच सरकवतो. १० मीटरवर तोच खटका जेमतेम पाऊण मिलिमीटर सरकवतो. म्हणजे चाळीसेक खटके वर द्यावे लागतील. चार-पाच खटके देऊन ‘दुर्बीण बिघडली’ म्हणणाऱ्यांनी हा हिशेब करावा. खटके संपले तरी छरा खालीच पडत असेल, तर दोष दुर्बिणीचा नसतो. मोडत्या नळीच्या बंदुकीत नळी किंचित खाली झुकलेली असू शकते. त्यासाठी मागे किंचित उंच असलेली पकड मिळते.

अंतर बदललं की हिशेबही बदलतो. दुर्बीण नळीच्या चार-पाच सेंटिमीटर वर असते. छरा खालून वर येतो, नजरेच्या रेषेला छेदतो आणि पुढे पुन्हा खाली येतो. १० मीटरवर जुळवलेली बंदूक ३० मीटरवर तिथेच मारील, असं गृहीत धरू नये.

एवढं सगळं केल्यावर पोराच्या लक्षात येतं, की फुली स्थिर राहतच नाही. दुर्बीण निशाण मोठं करते, तसा हाताचा कापही मोठा करून दाखवते. स्प्रिंगच्या बंदुकीत छरा नळीतून बाहेर पडेपर्यंत बंदूक हलत असते. तिला आवळून धरलं तर प्रत्येक वेळी वेगळी हलते. पुढचा हात उघडा ठेवून तळव्यावर ती नुसती टेकवावी, दर वेळी त्याच जागी. कठीण कट्ट्यावर तर ती ठेवूच नये.

आता पालकांसाठी कामाची गोष्ट. मुलाला ऑलिंपिकच्या वाटेने जायचं असेल, तर दुर्बिणीचे पैसे वाया जातील. ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत बंदुकीवर दुर्बीण चालत नाही. मागे बारीक भोकाची चकती आणि पुढे एक कडं, बस्स. १० मीटरच्या निशाणावर मधला दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि तो असाच, काहीही मोठं न करता टिपायचा असतो. स्वप्नीलच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे स्वतः २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये खेळलेल्या. अशा जाणत्या माणसाच्या नजरेखाली घालवलेला महिना कुठल्याही भिंगापेक्षा जास्त देतो. गावाकडच्या बापाकडे मोजके पैसे असतात. ते आधी चांगले छरे, भोकाची चकती आणि क्लबची फी यांवर जावेत.

आणखी एक बोललंच पाहिजे. दुर्बिणीतून अंगणातला बुलबुल फार सुंदर दिसतो आणि फार सोपाही वाटतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पक्ष्यांची, शेकरूची, माकडांची शिकार गुन्हा आहे. बंदुकीला परवाना लागत नाही, म्हणजे शिकारीला परवानगी आहे असं नव्हे. हापूसच्या बागेत माकडं धुमाकूळ घालतात, ते दुखणं खरं आहे. पण छऱ्याने माकड बहुधा मरत नाही. जखम चिघळते आणि ते दिवसेंदिवस तडफडतं. अरुणाचल प्रदेशात २०२१ मध्ये सरकारने लोकांना छऱ्याच्या बंदुका आपणहून जमा करण्याचं आवाहन केलं आणि गावागावांतून लोकांनी त्या आणून दिल्या. जंगलं मुकी होत चालली होती, म्हणून.

नेमाचा कागदही विचार करून लावावा. आपल्याकडे गडगा आणि भिंत चिऱ्याची. चिऱ्यावर आपटलेला छरा उलटून कुठेही येतो. कागदामागे वाळूचं भरलेलं पोतं हवं, त्यामागे माणसांची वाट नको. डोळ्यांवर चष्मा हवा, छरा भरताना मोडलेली नळी एका हाताने धरलेली हवी. छरे शिशाचे असतात, म्हणून नंतर हात धुवावेत. आणि दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही पाहू नये.

शिस्त हा शब्दही आपण फारसीतूनच घेतला. जुन्या मराठीत शिस्त धरणे म्हणजे नेम धरणे. पुढे तो शब्द वागण्याला लागला. नेम या शब्दाचेही दोन अर्थ आहेत, एक निशाणाचा आणि एक व्रताचा. मराठीने हे अर्थ एकत्र ठेवले, ते शहाणपणाचंच आहे. दुर्बीण बाजारात मिळेल. शिस्त मात्र घरात, मोठ्यांच्या देखरेखीखाली, रोज थोडी थोडी बसवावी लागते. दुर्बिणीचे स्क्रू बसवतात तशीच, एकदम जोर न लावता.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)