गाडीची किल्ली कधी द्यावी?



ऊसनोंदीसाठी शिवारात फिरताना एक गोष्ट डोळ्यांना खुपते. मिसरूड न फुटलेली पोरं मोटारसायकल पळवतात, अन् वडील कौतुकानं सांगतात, "पोरगं तयार झालंय!"

पुण्यात कल्याणीनगरला १९ मे २०२४ रोजी पहाटे भरधाव मोटारीच्या धडकेत दुचाकीवरील एक तरुण व एक तरुणी, दोघे अभियंते, जिवानिशी गेले. पोलिसांच्या म्हणण्यानुसार मोटार १७ वर्षांचा मुलगा चालवत होता. पुढे त्याच्या वडिलांनाही अटक झाली.

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १९९-अ आले. १८ वर्षांखालील मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकास किंवा वाहनमालकास ३ वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होतो. वाहनाची नोंदणी १२ महिने रद्द होते. मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत परवाना मिळत नाही. "मला ठाऊक नव्हतं" हेही पालकालाच सिद्ध करावे लागते.

मग शिकवावे कसे? १८ पूर्ण होताच शिकाऊ परवाना काढावा. आधी दिवसा, मोकळ्या रस्त्यावर सराव द्यावा. गळीत हंगामात रात्री उसाची बैलगाडी वा ट्रेलर अंधारात पटकन दिसत नाही, म्हणून वेग कमी ठेवायला शिकवावे. पुढचा रस्ता स्पष्ट दिसल्याशिवाय ट्रेलरला ओलांडू नये.

मुख्य म्हणजे आपण स्वतः हेल्मेट घालावे. बेणं रोगट असेल तर नुसता खताचा डोस वाढवून फड सुधारत नाही. पोरगं आपलं बघूनच शिकतं.