पिकअपला पोचा आला? पत्रा सरळ करताना गॅरेजमध्ये नेमकं काय घडतं

मार्केट यार्डात गाडी मागे घेताना खांब लागतो, अरुंद गल्लीत शेजारचा टेम्पो घासून जातो, नाहीतर फाळका उघडा असताना कोणीतरी येऊन धडकतं. रोज माल वाहणाऱ्या पिकअपच्या अंगावर एकही पोचा नसेल तर ती नवीकोरी आहे किंवा फारशी चालतच नाही, असं खुशाल समजावं. बहुतेक मालक अशा पोच्यांकडे बघतही नाहीत. गाडी धावते आहे, भाडं मिळतं आहे, मग डेंटिंग-पेंटिंगसाठी दोन दिवस ती उभी कशाला ठेवायची?

रंग शाबूत असेल तर हा हिशेब चुकीचा नाही. पण रंगाला तडा जाऊन आतला पत्रा उघडा पडला असेल तर गोष्ट वेगळी. पोचा आहे तेवढाच राहतो, गंज मात्र रंगाखालून पसरत जातो. कोकणातली गाडी असेल किंवा मीठ, मासळी, खत वाहणारी असेल तर आणखी लवकर. आज हातोडीने निघणारं काम दोन पावसाळ्यांनंतर पत्रा कापून नवा तुकडा जोडण्यावर जाऊ शकतं.

पत्र्याला जुना आकार आठवतो

केबिन, दरवाजा, मडगार्ड यांचा पत्रा साधारण पाऊण मिलिमीटर जाडीचा असतो. असा पत्रा थोडा दाबून सोडला तर परत जागेवर येतो. एका मर्यादेपलीकडे दाबला की मात्र तो कायमचा वाकतो. पोच्यामध्ये या दोन्ही गोष्टी एकाच वेळी झालेल्या असतात. मधला पसरट खोलगट भाग बऱ्याचदा फारसा बिघडलेला नसतो, त्याला परत यायचंच असतं. त्याला अडवून धरते ती कडेची घडी आणि तिथे वर आलेला उंचवटा. खरा वाकलेला पत्रा तिथे असतो.

म्हणून खोलगट भागावर मागून दणादण हातोडी मारणं हा सर्वांत वाईट उपाय. जाणता डेंटर आधी कडेकडे बघतो. धडक बसताना जी घडी शेवटी पडली, ती आधी सोडवायची, असा त्याचा क्रम असतो. त्याच्या एका हातात डॉली, म्हणजे मुठीत मावणारा लोखंडी ठोकळा असतो. डॉली मागच्या बाजूने खोलगट भागावर दाबून धरायची आणि हातोडी बाहेरून शेजारच्या उंचवट्यावर हलकेच मारायची. उंचवटा खाली बसतो तसा खड्डा आपोआप वर येऊ लागतो.

हातोडी नेमकी डॉलीच्या वरच पडली तर पत्रा दोन लोखंडांमध्ये सापडून पातळ होतो आणि पसरतो. शेवटचे बारीक चढउतार काढायला हे थोडं चालतं, पण जास्त झालं तर पत्र्याचं क्षेत्रफळ वाढतं आणि वाढलेल्या पत्र्याला बसायला जागा उरत नाही. मग तो डब्याच्या झाकणासारखा दाबला की आत आणि सोडला की बाहेर असा टकटक वाजतो. त्यावर उपाय आहे. नाण्याएवढा ठिपका गॅसने लाल करायचा आणि ओल्या फडक्याने थंड करायचा. तापलेला ठिपका फुगू पाहतो, पण भोवतीचा थंड पत्रा त्याला फुगू देत नाही. त्यामुळे तो जागच्या जागी जाड होतो आणि थंड होताना आवळतो. हे हातखंड्याचं काम आहे. चेसिसवर किंवा दरवाजाच्या खांबांवर असा गॅस मुळीच चालवू नये. तिथलं पोलाद तापवलं की कमजोर होऊ शकतं.

दुहेरी पत्र्याच्या भागात मागून हात जात नाही. तिथे पोच्यात छोटे वॉशर किंवा पिना वेल्डिंगने चिकटवून सरकत्या हातोड्याने बाहेर ओढतात आणि नंतर त्या काढून टाकतात. पत्र्याला भोकं पाडून हुकाने ओढायची जुनी पद्धत टाळलेली बरी, कारण भोकांतून पाणी आत शिरतं. वेल्डिंगआधी बॅटरीची वायर काढली आहे ना, तेवढं विचारून घ्यावं.

गरम पाणी आणि हेअर ड्रायर

मोबाइलवर फिरणाऱ्या व्हिडिओंमध्ये उकळतं पाणी ओतताच बंपर टुणकन वर येतो. तो बंपर प्लास्टिकचा असतो. गरम झालेलं प्लास्टिक मऊ पडतं आणि आतून ढकललं की मूळ आकारात येतं. पोलाद उकळत्या पाण्याने मऊ पडत नाही. पत्र्याचा पोचा उथळ असेल, त्याला घडी नसेल आणि रंग फुटला नसेल, तर रंग न काढताही तो निघतो. कारागीर मागून लांब सळईने थोडं थोडं दाबत जातो. हौद्याच्या नालीदार, जाड पत्र्यावर मात्र ही नाजूक पद्धत फारशी चालत नाही.

अमेरिकेत फोर्डने 2015 च्या मॉडेलपासून एफ-150 या पिकअपची बॉडी ॲल्युमिनियमची केली, तेव्हा तिथल्या गॅरेजनाही नवं शिकावं लागलं. ॲल्युमिनियम ठोकताना लवकर कडक होऊन तडकतं. पोलादाचा भुगा त्यावर राहिला तर झीज सुरू होते, म्हणून त्याची हत्यारंही वेगळी ठेवतात.

लांबी किती भरायची?

ठोकून पत्रा जवळजवळ सपाट झाला की उरलेल्या बारीक खाचांवर लांबी, म्हणजे पुट्टी येते. बहुतेक फसवणूक इथेच होते. पत्रा न काढता खड्डा लांबीने बुजवला की काम तासाभरात होतं आणि नव्या रंगाखाली काही दिसत नाही. लांबीचा थर दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड नसावा. माल भरून खाचखळग्यांतून धावणाऱ्या गाडीचा पत्रा सतत थरथरतो आणि जाड थर तडकून निघतो.

हार्डनरचं प्रमाण साधारण 100 ग्रॅमला 2 ग्रॅम असतं. जास्त घातला तर लवकर सुकतं खरं, पण वर दिलेल्या रंगावर डाग उमटू शकतात. दुसरी सवय पाण्याची. लांबी सच्छिद्र असते, तरी कित्येक ठिकाणी ती ओल्या वॉटर पेपरने घासतात. ते पाणी थेट पत्र्यापर्यंत पोचतं. लांबी कोरडीच घासावी, 80 पासून सुरुवात करून 180, 320 असं बारीक पेपरवर जावं आणि पाण्याचं काम प्रायमर सुकल्यावर करावं. रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याने दमा जडू शकतो. तोंडाला रुमाल बांधून स्प्रे मारणाऱ्या पोरांना याची कल्पना कोणी देत नाही. साधा रुमाल ती वाफ अडवत नाही, त्यासाठी योग्य फिल्टरचा मास्कच लागतो.

विम्याचं काय?

मालवाहू गाडीच्या पॉलिसीत आयएमटी 21 हे कलम असेल तर गाडी पूर्ण निकामी झाल्याशिवाय दिवे, टायर, मडगार्ड, बंपर आणि रंगकाम यांचं नुकसान मिळत नाही. ते हवं असेल तर जादा हप्ता भरून आयएमटी 23 घ्यावं लागतं. हे बऱ्याच मालकांना क्लेम नाकारल्यावरच कळतं. शिवाय क्लेम केला की नो क्लेम बोनस जातो. तो स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर पहिल्या वर्षानंतर 20 टक्के आणि पाच वर्षांत 50 टक्क्यांपर्यंत जातो. एका पोच्यासाठी कुठलं गणित परवडतं ते आधी मांडून बघावं.

गॅरेजला एवढंच सांगावं की लांबी भरण्याआधी पत्रा दाखवा. त्यावर तळहात सपाट फिरवला की डोळ्यांना न दिसणारे चढउतारही जाणवतात. रंग झाल्यावर मागची बाजूही बघावी. वेल्डिंगच्या आणि गॅसच्या उष्णतेने तिथला मूळ रंग जळालेला असतो, त्यावर गंजरोधक थर दिला नाही तर काही महिन्यांत गंज आतून सुरू होतो. दरवाजाच्या खालच्या कडेला पाणी निचरायची बारीक भोकं असतात. ती लांबीने किंवा रंगाने बुजली असतील तर काडी घालून तिथल्या तिथे मोकळी करून घ्यावीत.