पाचगणीचा पियानो आणि पाच मिनिटं पंचावन्न सेकंद

भाच्याने मोबाइल पुढे केला. “मामा, हे वाचा. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ म्हणे पाचगणीच्या होस्टेलवर लिहिलेलं गाणं आहे.”

आमच्या पिंपळीतून फलटण, वाई करत पसरणी घाट चढला की पाचगणी. तिथे शिकलेल्या मुलाने जगाला वेड लावलं याचा मलाही अभिमान आहे. म्हणूनच या गाण्याबद्दल चुकीचं काही फिरताना दिसलं की राहवत नाही.

तो मुलगा म्हणजे हे गाणं लिहिणारा फ्रेडी मर्क्युरी, मूळचा फारोख बलसारा. पारशी घरातला, जन्म झांझिबारचा, ५ सप्टेंबर १९४६चा. आईवडिलांनी आठव्या वर्षी त्याला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत पाठवलं. ‘फ्रेडी’ हे नाव त्याला तिथेच पडलं. पियानोच्या परीक्षाही त्याने तिथेच दिल्या. पाच मित्रांनी मिळून ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला, तोही तिथलाच. पण त्या बँडचा मुख्य गायक फ्रेडी नव्हता, ब्रूस मरे होता. फ्रेडी पियानोवर बसायचा. पाचगणीने त्याला पियानो दिला. हे गाणं मात्र बरंच पुढचं. १९६४मध्ये झांझिबारमधल्या क्रांतीनंतर बलसारा कुटुंब इंग्लंडला गेलं आणि गाणं आलं १९७५ साली. त्याचे कच्चे खर्डे एका ब्रिटिश विमान कंपनीच्या जुन्या कोऱ्या कागदांवर आहेत. २०२३मध्ये फ्रेडीच्या वस्तूंचा लिलाव झाला तेव्हा ते लोकांसमोर आले. एका पानावर आधी ‘मंगोलियन ऱ्हॅप्सडी’ लिहून पहिला शब्द खोडलेला आहे. म्हणजे जगाला पाठ असलेलं नावसुद्धा पहिल्या फटक्यात सुचलेलं नव्हतं.

दुसरा समज असा की मधल्या ऑपेराच्या भागात भाड्याने आणलेला मोठा गायकवृंद आहे. तिथे गायलेत फक्त तिघे : फ्रेडी आणि इंग्लंडमधल्या त्याच्या बँडचे दोघे, गिटारवादक ब्रायन मे आणि ड्रमवादक रॉजर टेलर. सगळ्यात उंच सूर टेलरचे. मग एवढे आवाज आले कुठून? इथेच या गाण्याची खरी मेहनत आहे.

तेव्हा स्टुडिओत संगणक नव्हता. ध्वनिमुद्रण व्हायचं चुंबकीय टेपवर, आणि त्या टेपवर शेजारीशेजारी २४ ट्रॅक. तिघांनी एक ओळ गायची, तीच पुन्हा गायची, मग वेगळ्या पट्टीत पुन्हा. ट्रॅक भरत आले की सगळे आवाज एकत्र करून थोड्या ट्रॅकवर उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या जागेवर नवे आवाज चढवायचे. दिवसाला दहाबारा तास असं गाणं चाललं. त्या एका भागालाच सुमारे तीन आठवडे लागले; काही ठिकाणी थरांची संख्या १८०च्या घरात गेली. निर्माता रॉय थॉमस बेकर सांगायचे, की फ्रेडी रोज काहीतरी वाढवायचा, मग टेप कापून नवा तुकडा जोडावा लागे. टेप यंत्रातून इतक्या वेळा फिरली की तिच्यावरचा लेप झिजला, आणि उजेडासमोर धरली तर पलीकडचं दिसायला लागलं. चौथा साथीदार जॉन डीकन बेसवर होता. त्या भागात त्याचा आवाज नाही.

गिटारचा तुकडा ऐकून अनेकांना वाटतं, वाद्य फार महागडं असणार. ब्रायन मेने ती गिटार शाळकरी वयात, १९६३पासून, वडिलांबरोबर घरीच बनवली. लाकूड जुन्या शेकोटीच्या चौकटीचं, स्प्रिंगा जुन्या मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या. बारामतीच्या एमआयडीसीत लेथवर उभं राहणाऱ्या माणसाला याचं मोल मी समजावून सांगायला नको.

गाण्याच्याच नावाच्या २०१८च्या चित्रपटाने आणखी एक समज रुजवला. त्यातला गाणं धुडकावून लावणारा रेकॉर्ड कंपनीचा साहेब काल्पनिक आहे. एवढं लांब गाणं रेडिओवर वाजणार नाही ही कंपनीची काळजी मात्र खरी होती. तरी सहा मिनिटांचं गाणं तोवर कुणी ऐकलंच नव्हतं असं नाही. बीटल्सचं ‘हे ज्यूड’ १९६८मध्येच सात मिनिटांच्या पुढे गेलं होतं. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ला वाट करून दिली लंडनच्या कॅपिटल रेडिओवरच्या केनी एव्हरेटने. शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत त्याने ते १४ वेळा वाजवलं. ३१ ऑक्टोबर १९७५ला रेकॉर्ड बाजारात आली आणि ब्रिटनमध्ये नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली.

एक समज मात्र मला खरोखर टोचतो. ‘हे फ्रेडीने आपल्या एड्सच्या आजारपणावर लिहिलं’, असं भाच्याच्या कॉलेजातली पोरंही म्हणतात. एड्सच्या पहिल्या वैद्यकीय नोंदीच १९८१च्या, गाणं त्याच्या सहा वर्षं आधीचं. पुढच्या मरणाची छाया मागे नेऊन गाण्यावर टाकायची, म्हणजे एकोणतीस वर्षांच्या, अंगात रग असलेल्या माणसाचं काम त्याच्याकडून काढून घ्यायचं. गाण्याचा अर्थ काय, हे फ्रेडीने अखेरपर्यंत उलगडून सांगितलं नाही. गाण्यात ‘बिस्मिल्ला’ येतं म्हणून त्याला मुसलमान ठरवणारे भेटतात; तो जन्माने पारशी, आणि २४ नोव्हेंबर १९९१ला गेला तेव्हा अंत्यसंस्कारही पारशी दस्तुरांनी केले. त्या डिसेंबरात गाणं पुन्हा ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर आलं.

भाच्याने तो मेसेज पुढे पाठवला नाही. हेडफोनचं एक टोक माझ्या कानात दिलं आणि मधला भाग पुन्हा लावला, तिघांचे आवाज वेगळे काढता येतात का बघायला.