नकाशा विलायतेचा, हात इथले

नागभीडहून नागपूरला जाणाऱ्या आपल्यापैकी काहींनी तेथील ऑल सेंट्स कॅथीड्रल पाहिले असेल. 1851 साली बांधलेले हे चर्च 1879 मध्ये वाढविण्यात आले, ते जी. एफ. बॉडले या इंग्रज वास्तुशिल्पज्ञाच्या आराखड्यानुसार. बॉडले हा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा शिष्य; आणि मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर ही याच गुरूची कृती.

गंमत अशी, की स्कॉट मुंबईस कधी आलेच नाहीत. नकाशे तेवढे लंडनहून आले. टॉवर 1878 च्या नोव्हेंबरात पुरा झाला. स्कॉट त्याच वर्षी मार्चमध्ये वारले होते.

मग कागदावरच्या रेघा दगडात उतरविल्या कोणी? पैसा प्रेमचंद रायचंदांचा, दगड कुर्ल्याचा, छिन्नी येथल्या पाथरवटांची. टॉवरवर पश्चिम भारतातील निरनिराळ्या जातीजमातींच्या माणसांचे पुतळे आहेत. त्यांचे नमुने केले साहाय्यक इंजिनियर रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांनी. ती पागोटी, ते चेहरे लंडनच्या कचेरीत बसून कसे सुचावेत?

म्हणून वास्तूचा कर्ता कोण, असे कोणी विचारल्यास नकाशा काढणाऱ्याचे नाव आदराने सांगावे. मात्र तेवढ्यावर थांबू नये.