उंच इमारतींना परवानगी कोण देते?

आपल्यापैकी पुष्कळांचा माल वाशीला जातो. निफाडचा कांदा, नारायणगावचा भाजीपाला, देवगडचा आंबा रात्रीच्या ट्रकात चढतो आणि पहाटेच्या सुमारास नवी मुंबईच्या बाजार आवारात उतरतो. चार दिवसांनी पट्टी हातात येते. तीत हमाली किती, तोलाई किती, भाडे किती हे आपण बारकाईने पाहतो. एपीएमसी मार्केट हे नाव अशा रीतीने खेडोपाडी पोहोचलेले आहे. मात्र त्या आवाराभोवती जे शहर वसले आहे, त्यात सध्या मोठी उलथापालथ चालू आहे. वाशीच्या जुन्या वसाहतीतील चार-पाच मजली इमारती उतरवल्या जात आहेत आणि त्यांच्या जागी वीस मजल्यांच्याही वर जाणारे मनोरे उभे राहत आहेत. लोक म्हणतात, “महापालिकेने परवानगी दिली.” पण महापालिका म्हणजे नेमके कोण? आपण निवडून दिलेली सभा, की कचेरीतले अधिकारी? आणि शेजाऱ्याला त्यात बोलायचा काही अधिकार असतो की नाही?

उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे समजायला सोपे जाईल. आपल्याकडे निवडून आलेली सभा एकेका इमारतीचा निकाल करीत नाही; ती साऱ्या शहराच्या आराखड्याचा विचार करते. इमारत त्या आराखड्याच्या आणि नियमांच्या पोटातून जन्माला येते. म्हणून नागरिकाने बोलायचे ते आराखडा व नियम ठरत असताना. पाया खणल्यावर केलेली तक्रार बहुधा उशिराची असते.

आता थोडा इतिहास पाहू. मुंबईची गर्दी कमी व्हावी म्हणून खाडीपलीकडे नवे शहर वसवावे, ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ साली मांडली. १९७० साली सिडको हे महामंडळ स्थापन झाले. ठाणे, पनवेल, उरण या भागांतील ९५ गावांची जमीन या शहरासाठी योजली गेली. ती जमीन भातशेतीची होती, मिठागरांची होती. मोबदल्यासाठी शेतकऱ्यांना झगडावे लागले. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच जणांचे प्राण गेले. त्यातूनच पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ जमीनमालकांना देण्याची योजना आली. १९९१ च्या अखेरीस नवी मुंबई महापालिका निर्माण झाली. पुढे पुष्कळशा जमिनीची मालकी सिडकोकडे आणि बांधकामाच्या परवानगीचे काम महापालिकेकडे, अशी वाटणी झाली. एका म्यानात दोन तलवारी असल्या की खणखणाट व्हायचाच. तो पुढे कसा झाला ते येईलच.

घाऊक बाजारही याच नव्या शहरात आणले गेले. कांदा-बटाट्याचा बाजार १९८१ च्या सुमारास मुंबईतून वाशीत आला. फळे व भाजीपाला १९९६ मध्ये आला. बाजारात राबणारे हमाल, मापाडी, कारकून, व्यापारी यांना राहायला घरे हवी होतीच. वाशीत सिडकोने मध्यमवर्गीयांसाठी आणि अल्प उत्पन्न गटासाठी इमारती बांधल्या. त्यांतल्या सेक्टर ९ व १० मधील जेएन-१, जेएन-२ प्रकारच्या इमारती थोड्याच वर्षांत खराब झाल्या. छताचे गिलावे कोसळू लागले, सळया उघड्या पडल्या. घरात झोपलेल्या माणसाच्या अंगावर छताचा तुकडा पडतो, ही काही लहान गोष्ट नव्हे. खुद्द कांदा-बटाटा बाजाराच्या इमारतीचे नावही अतिधोकादायक इमारतींच्या यादीत येत राहिले.

मग ही घरे पुन्हा बांधायची कशी? राहणाऱ्यांजवळ तेवढा पैसा नाही. तेव्हा बांधकाम व्यावसायिकाने जुन्या रहिवाशांना नवे घर फुकट द्यावे आणि त्याच जागेवर जादा मजले बांधून, ती घरे विकून आपला खर्च व नफा काढावा, असा मार्ग निघाला. म्हणजे मनोऱ्याचे वरचे मजले खालच्या घरांचा खर्च भरून काढतात. मनोऱ्यांना सरसकट नावे ठेवण्याआधी ही गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ज्याच्या डोक्यावरचे छत गळते आहे, त्याला तो मनोरा म्हणजे सुटका वाटते.

जादा मजले किती, हे ठरवणाऱ्या आकड्याला चटई क्षेत्र निर्देशांक म्हणतात. नाव अवघड आहे, हिशेब सोपा आहे. दहा गुंठ्यांचा भूखंड घ्या, म्हणजे अंदाजे १,००० चौरस मीटर. निर्देशांक १ असेल तर सर्व मजले मिळून १,००० चौरस मीटर जागा बांधता येते, म्हणजे तेवढी चटई अंथरता येते. एकेक मजला २५० चौरस मीटरचा धरला तर चार मजले झाले. निर्देशांक २.५ केला की त्याच भूखंडावर दहा मजले होतात. नवी मुंबईतील सिडकोनिर्मित मोडकळीस आलेल्या इमारतींसाठी राज्य शासनाने २०१५ साली हा निर्देशांक २.५ पर्यंत वाढवला. पुढे डिसेंबर २०२० मध्ये मुंबई महापालिका व आणखी काही क्षेत्रे वगळून साऱ्या महाराष्ट्रासाठी एकच एकीकृत विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. रस्ता जितका रुंद, तितके जादा बांधकाम, हे त्या नियमावलीतले एक मुख्य सूत्र आहे.

आता बघा, मजले वाढले की आणखी काय काय वाढते. आपल्या उदाहरणात एका मजल्यावर चार कुटुंबे धरू आणि कुटुंबात पाच माणसे. चार मजल्यांत १६ कुटुंबे, दहा मजल्यांत ४०. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी हे प्रमाण मानले जाते. म्हणजे पूर्वी रोज १०,८०० लिटर पाणी लागत होते, आता २७,००० लागेल. सांडपाणी, कचरा, वाहने, शाळेत जाणारी मुले, सारे याच पटीने वाढणार. मात्र दारापुढचा रस्ता तेवढाच राहतो आणि कोपऱ्यावरचे मैदानही तेवढेच राहते. नवी मुंबईचे पाणी रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्यातून, मोरबे धरणातून येते. त्या धरणासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या आहेत. आणि २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसासाठी धरलेले पाणी आहे दिवसाला ५५ लिटर. तेव्हा शहरातला मजला हा केवळ शहराचा प्रश्न नाही, हे तुमच्या लक्षात आले असेल.

आता परवानगीची वाट पाहू. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाप्रमाणे बांधणाऱ्याला नियोजन प्राधिकरणाकडे, म्हणजे इथे महापालिकेकडे, अर्ज करावा लागतो. तो अर्ज नगररचना विभागात जातो. अधिकारी नकाशा तपासतात: भूखंडाचा वापर आराखड्याप्रमाणे आहे का, निर्देशांक किती, रस्ता किती रुंद, भोवती मोकळी जागा किती, वाहने उभी करायला जागा आहे का. उंच इमारतीला अग्निशमन अधिकाऱ्यांचा दाखला लागतो. विमानतळ जवळ असल्यामुळे उंचीसाठी विमानतळ प्राधिकरणाचा दाखला लागतो. एकूण बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून अधिक असेल, तर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरणाची मंजुरीही घ्यावी लागते. सारे जुळले की बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र मिळते. जोत्यापर्यंत काम आले की तपासणी होते आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र मिळते. ते असल्याशिवाय राहायला जाऊ नये. साठ दिवसांत निर्णय कळवला नाही, तर नियमात बसणाऱ्या अर्जाला परवानगी मिळाली असे समजण्याची तरतूदही कायद्यात आहे.

या सबंध वाटेवर नगरसेवकांची सभा कोठेच आली नाही, हे तुम्ही पाहिलेच. शेजाऱ्यांना बोलावून त्यांचे म्हणणे ऐकावे, असाही टप्पा आला नाही. नकाशा नियमात बसत असेल, तर “आम्हाला हा मनोरा आवडत नाही” एवढ्या कारणावरून अधिकारी तो नाकारू शकत नाहीत. इंग्लंडमध्ये पद्धत निराळी आहे. तिथे मोठ्या बांधकामाचा अर्ज आला की शेजाऱ्यांना कळवतात, त्यांच्या लेखी हरकती घेतात, आणि महत्त्वाच्या अर्जांचा निर्णय निवडून आलेल्या सदस्यांची समिती उघड्या बैठकीत करते. त्या पद्धतीत शेजाऱ्याचे ऐकले जाते, पण प्रत्येक इमारतीवर वाद होतो आणि वेळही फार जातो. आपल्या पद्धतीत काम नियमाने चालते. मात्र नियम करतानाच लोकांनी जागे राहिले पाहिजे.

कारण नियम आणि आराखडा यांच्या वेळी लोकांना बोलण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे. विकास आराखडा म्हणजे सुमारे वीस वर्षांसाठी केलेला शहराचा नकाशा: कोठे घरे, कोठे बाजार, कोठे शाळा, दवाखाना, मैदान, ट्रकतळ. त्याचा मसुदा प्रसिद्ध करावा लागतो, हरकती व सूचना मागवाव्या लागतात. महापालिकेचे काही सदस्य आणि नगररचनेचे जाणकार यांची समिती हरकत घेणाऱ्यांची सुनावणी घेते. शेवटचा शब्द राज्य शासनाचा. नवी मुंबई महापालिकेच्या पहिल्या आराखड्याचा मसुदा सभेने २०१९ मध्ये मान्य केला; पण मोकळ्या भूखंडांवर महापालिकेने टाकलेल्या आरक्षणांना सिडकोने हरकत घेतली. हेच भूखंड विकायचे, की मैदान-शाळेसाठी राखायचे? दोन तलवारींचा खणखणाट तो हाच. मसुदा प्रसिद्ध व्हायला ऑगस्ट २०२२ उजाडले. मग हजारो हरकती आल्या. दरम्यान मे २०२० मध्ये सभेची मुदत संपली होती आणि त्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ प्रशासकच कारभार पाहत होते. म्हणजे ज्या वेळी लोकांच्या प्रतिनिधींनी आराखड्यावर नजर ठेवायची, नेमक्या त्याच वेळी सभागृह रिकामे होते. अशा वेळी नागरिकाच्या हरकतीचे मोल अधिकच वाढते.

आता तुम्ही म्हणाल, हे सारे वाशीचे. आमच्या गावाला त्याचे काय? एकीकृत नियमावली तुमच्या तालुक्याच्या नगरपरिषदेला लागू आहे, नगरपंचायतीला लागू आहे, प्रादेशिक आराखड्यातील गावांनाही लागू आहे. तिचाही मसुदा २०१९ साली हरकतींसाठी प्रसिद्ध झाला होता. तो किती गावांत वाचला गेला असेल? आज ज्या तालुक्याच्या गावी दुमजली घरे आहेत, तिथे उद्या दहा मजल्यांचा नकाशा येईल. शाळेच्या मागचे मोकळे रान मैदान म्हणून राखलेले आहे की निवासी पट्ट्यात गेले आहे, हे आज कागदावर ठरते आणि डोळ्यांना दिसते दहा वर्षांनी.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवतो. नगरपरिषदेत किंवा जिल्ह्याच्या नगररचना कार्यालयात जाऊन आपल्या भागाचा मंजूर नकाशा पाहावा. गरज पडल्यास २००५ च्या माहितीच्या अधिकाराखाली त्याची प्रत मागावी. नागरिकशास्त्राच्या तासाला मुलांकडून त्याची ठळक रेघांची नक्कल करून घ्यावी. पिवळा पट्टा कशाचा, हिरवा कशाचा, आपली शाळा कोठे, विहीर कोठे, रस्ता किती रुंद होणार, हे मुलांनी शोधावे आणि घरी जाऊन सांगावे. वर्तमानपत्रात बारीक अक्षरांत येणाऱ्या सरकारी नोटिशींवर कोणीतरी नजर ठेवावी. हरकतीची मुदत फार नसते, बहुधा महिनाभराची. हरकत लिहायला वकील लागत नाही. सर्वे नंबर, आपले म्हणणे आणि त्याचे कारण एवढे स्पष्ट लिहावे, कार्यालयात देऊन पोच घ्यावी, आणि सुनावणीला बोलावतील त्या दिवशी हजर राहावे. एकट्याने देण्यापेक्षा दहा जणांनी दिली तर चांगले. पण एकाचीही हरकत नोंदली जाते आणि ती ऐकून घ्यावी लागते. ग्रामसभेत या नकाशाचा विषय एकदा तरी निघावा, आणि तो मसुदा निघण्याच्या आधी निघावा.